घागरीआधीची फोड

"थुंक! आधी थुंक ती!"

"आई, गिळली."

"गिळली?"

"एवढीशी फोड होती. गिळली. आता काय घशात बोटं घालू?"

"घाल! उद्या आखाजी, आणि आज भर बाजारात उभी राहून आंबा खातेस? बापाची घागर भरायच्या आधी?"

"त्यानं हातावर ठेवली, मी तोंडात टाकली. लक्षात नाही राहिलं."

"लक्षात नाही राहिलं म्हणे! लग्नाची हळद वाळली नाही अजून, आणि घरचं विसरलीस?"

पितांबर फळवाला एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात अर्धा कापलेला आंबा घेऊन तसाच उभा होता. "मावशी, चुकी माझी. ताईंना ओळखलंच नाही मी. नवीन गिऱ्हाईक समजून फोड पुढं केली."

"तुझी कशी चूक? तू दुकानदार, तुझं कामच ते. जिनं तोंड उघडलं तिची चूक."

"तोंड उघडलं म्हणजे चोरी केली का मी?" कोकिळाने पदराने ओठ पुसले. सहावा महिना, वर जळगावचं ऊन, आणि बाजारात येऊन तासभर झालेला. तिचाही आवाज चढला. "आमच्याकडे नाही पाळत हे. आमच्याकडे चैत्रातच रस होतो."

"आमच्याकडे म्हणजे कुठं?"

कोकिळा आंब्यांच्या पाटीकडे बघायला लागली.

"नाही, कळू दे ना मला. आमच्याकडे म्हणजे जुन्या जळगावात, का आणखी कुठं?"

"धुळ्याला."

"मग 'त्यांच्याकडे' म्हण."

शेजारच्या गाडीवरच्या दोघी-तिघी बायका डांगरं हुंगायचं सोडून इकडे बघायला लागल्या. सुंदरबाईंना त्याचं काही नव्हतं. या बाजारात त्यांचं भांडण बघायला थांबणं ही जुनी करमणूक होती, आणि त्यांनाही बघणारे असले की जरा जोर यायचा.

भांडणाचं कारण मात्र त्यांच्यासाठी खेळातलं नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरायची: नवी मातीची घागर, तिच्यावर पाण्याची लोटी, लोटीवर डांगर म्हणजे खरबूज, दोन आंबे आणि रव्याची गोड सांजोरी. ती भरून होईपर्यंत घरातल्या कुणी आंबा तोंडात घालायचा नाही. आधी गेलेल्यांना, मग राहिलेल्यांना. सुंदरबाईंच्या सासरची ही रीत, आणि नवरा तोतारामभाऊ गेल्यापासून तर त्यांनी ती आणखीच घट्ट धरलेली. म्हणून वर्षाच्या पहिल्या रसाचे आंबे त्या न चाखता घेत. देठाशी नाक नेत, बोटाने दाबून बघत, आंबा हातात तोलत. रसही न चाखता करत. पितांबर दरवर्षी फोड कापून पुढं करी, दरवर्षी त्या म्हणत, "आज नाही रे, फोडीला परवा ये म्हण." त्यांचा हा ठरलेला विनोद होता. या वर्षी पितांबरने सवयीने फोड कापली आणि ती सुंदरबाईंच्या हाताआधी कोकिळाच्या हातावर पडली.

"मग किती देऊ, मावशी?" पितांबरने विषय पुढं ढकलला. "तुमच्यासाठीच बाजूला ठेवलीय ही पाटी."

"ही पाटी नको."

"का हो?"

"चाखलेली पाटी घागरीला चालत नाही."

"अहो मावशी, कापला एक आंबा! बठ्ठी पाटी बाटली का?"

"माझ्यापुरती बाटली."

आणि सुंदरबाई वळून थेट समोरच्या झुलालच्या गाडीवर गेल्या, ज्याच्याकडून त्यांनी आजवर कधी लिंबूसुद्धा घेतलं नव्हतं.

झुलालला वाटलं, आखाजीचा सण आपल्यालाच पावला. आंबे दिसायला देखणे, पिवळेजर्द. सुंदरबाईंनी एक नाकाशी नेला. पण रागात माणसाचा श्वास वर वर चालतो. वास आत जातच नाही. दुसरा दाबला, तिसरा दाबला.

"आई," कोकिळा मागून हळू म्हणाली, "देठाशी हिरवे आहेत. कार्बाइडची पुडी टाकून पिकवलेत हे. वरून पिवळे, आत आंबट. माय म्हणतात..."

"कोण माय?"

"माय म्हणजे... सासूबाई."

"त्यांना माय म्हणतेस?"

"घरात सगळेच म्हणतात."

"आणि ती माय तिकडे धुळ्यात बसून मला आंबे शिकवणार." सुंदरबाईंनी पिशवीचं तोंड उघडलं. "झुलाल, टाक. भरून टाक."

दोघी घराकडे निघाल्या. नवी घागर कोकिळाने कडेवर घेतली होती, आंब्यांची पिशवी आईच्या हातात. सावलीला थांबून कोकिळाने कमरेच्या पिशवीतून कागदाची एक पुडी काढली, चिमूटभर सुंठ जिभेवर टाकली. गरोदरपणात मळमळतं म्हणून झुंबरबाईंनी, म्हणजे तिच्या सासूने, कुटून दिलेली. सुंदरबाईंनी ती पुडी बघितली आणि मान फिरवली.

"आई, एक सांगायचं होतं. नंतर सांगितलं तर म्हणशील लपवलं."

"सांग."

"बाळंतपणाला मी तिकडेच राहीन म्हणते."

सुंदरबाई रस्त्यात उभ्या राहिल्या. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, शिवी घातली, वळसा घालून गेला. त्या हलल्या नाहीत.

"पहिलं बाळंतपण?"

"हं."

"सासरी?"

"तिथं डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. आणि ह्यांना तिथून रजा..."

"तिनं सांगितलं तुला."

"कुणी सांगितलं नाही गं."

"तिनंच. उद्या येतेय ना जेवायला? येऊ दे."

आमच्या गल्लीत सुंदरबाईंना ओळखत नाही असं घर नव्हतं, आणि त्यांच्याशिवाय बाजार केलेली पंगतही नव्हती. कुणाकडे बारसं असो, पोरीला बघायला पाहुणे येणार असोत, पहिला निरोप सुंदरबाईंना. "मावशी, उद्या काय करू?" त्या लगेच सांगत नसत. आकाशाकडे बघत, जणू भाजीचा भाव तिथं लिहिलेला आहे, मग म्हणत, "गिलके निबर झाले आता. गंगाफळ आण. वर उडदाची डाळ घोट, मिरची ओली टाक." सकाळी दात घासताना त्यांचा संध्याकाळचा बेत ठरलेला असे आणि बाजारात पाय ठेवला की मोडलेला असे, कारण चाकवत कोवळा दिसला, किंवा यावलकडची केळफुलं आली, किंवा शेतकऱ्याच्या बायकोने नुकत्या तोडलेल्या शेंगा पदराखालून काढल्या. बाजार सांगेल ते शिजवायचं, हे त्यांचं शास्त्र. घरात बेत ठरवून बाजारात जाणाऱ्या बायकांना त्या "नोकरदारणी" म्हणत.

पण त्यांचं खरं इंधन हेवा होतं. हे मी, त्याच गल्लीतली, आता लिहितेय; त्या काळी सगळी गल्ली तोंडावर म्हणायची आणि त्या हसून मान्य करायच्या. एका थंडीत असोद्याच्या मळ्यात भरीतपार्टी होती. कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची पांढरी वांगी भाजली, आणि घोटायचं काम त्या दिवशी कुणीतरी सुंदरबाईंऐवजी शेजारच्या द्रौपदाबाईंना दिलं. भरीत उत्तम झालं. लोक बोटं चाटत राहिले. द्रौपदाबाई, द्रौपदाबाई! सुंदरबाई हसत होत्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या वाढत होत्या, आणि त्यांचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा आतून मऊ होत चालला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या टांग्याने त्या त्याच मळ्यात गेल्या. त्याच वाफ्यातली वांगी आणली, तिथल्याच पऱ्हाट्यांचा भारा आणला, अंगणात जाळ केला, भरीत घोटलं आणि घरोघर वाटी घेऊन फिरल्या. वाटी देऊन जात नसत. समोर उभ्या राहत. तुम्ही घास घेईपर्यंत, गिळेपर्यंत, आणि बोलेपर्यंत.

"कालच्यापेक्षा?"

"मावशी, कालच्यापेक्षा भारी."

"द्रौपदाबाईला सांगशील?"

द्रौपदाबाईंनी स्वतः ती वाटी खाल्ली आणि म्हणाल्या, "बाई गं, तू जळत जा. आमची जेवणं होतात."

अशा बाईला विहीण मिळाली ती झुंबरबाई.

कोकिळाच्या लग्नानंतर पहिल्याच आखाजीला ती माहेरी आली आणि शेवेची भाजी खाताना म्हणाली, "तिकडे रश्शात खोबरं जास्त भाजतात." बस्स. एवढंच. त्या दिवसापासून सुंदरबाईंच्या घरात लग्नाच्या गर्दीत धड न बघितलेली एक बाई राहायला आली. कोकिळा येई तेव्हा ती बाई ताटात बसे. "माय ज्वारीचे बिबडे पातळ लाटतात." "मायच्या हातचं पिठलं घट्ट असतं." धुळ्याला आंबा गुजरातेतून लवकर येतो, तर माय रस लवकर करतात, वर तूप आणि सुंठ घालतात. सुंठ! रसात! सुंदरबाईंनी एकदा विचारलं होतं, "का, रसाला सर्दी झालीय?" कोकिळा हसली होती. आणि हसता हसता म्हणाली होती, "खाऊन बघ, बेस लागतो. खरंच बेस शे."

"शे?" सुंदरबाईंच्या हातातला चमचा थांबला होता. "आता 'आहे' सोडून 'शे' म्हणतेस?"

आता ती विहीण खरोखर येणार होती. जावई सुकदेवराव कोकिळाला सोडायला आले तेव्हाच सांगून गेले होते: माय आखाजीला पहूरला भावाकडे जाणार, जळगावला गाडी बदलायची, तर वाटेत जेवून जाईल. तेव्हापासून सुंदरबाईंचा बेत चालू होता. खापरावरच्या पुरणपोळ्या, कटाची आमटी, कुरडई, भजी, आणि रस. पण काल रस्त्यात कोकिळाने ते वाक्य टाकलं, आणि बेत जेवणाचा राहिला नाही. आता हे ताट म्हणजे जाब होता. विहीणबाईने जेवावं, हात धुवावा, आणि तिलाच कळावं की एवढ्या हाताची आई असताना पोर दुसरीकडे कशी बाळंत होईल.

आखाजीला उजाडताच परसात चूल पेटली. पालथं खापर तापलं. सुंदरबाईंची कणीक इतकी सैल की उंडा हातावर घेतला तर ओघळायचा. त्या पुरण भरून तो दोन्ही हातांवर फिरवत, एका मनगटावरून दुसऱ्या मनगटावर, मोठा मोठा करत कोपरापर्यंत नेत आणि मग अंगावरची ओढणी काढून टाकावी तसा अलगद खापरावर टाकत. भिंतीपलीकडून द्रौपदाबाई डोकावल्या.

"केवढी गं ही! विहीण खाणार का पांघरणार?"

"खाईल. नाही खाल्ली तर पांघरून पहूरला जाईल."

"कोकी कुठंय?"

"आत. रसाचं बघतेय."

आंबे सुंदरबाईंनीच पहाटे पिळले होते. पातेलं झाकून ठेवलं होतं, साखर, वेलदोडा, जायफळ अंदाजाने टाकलं होतं, जसं दरवर्षी. न चाखता. "दूध घालून हलव आणि झाकून ठेव," एवढंच कोकिळाला सांगितलं होतं. "आणि तोंड बंद ठेव."

"हो, आई."

मग घागर. मधल्या खोलीत पाटावर नवी घागर, वर लोटी, डांगर, आंबे, सांजोरी. उंबरठ्यावर कुंकवाची बोटं ओढायचं काम कोकिळाचं. ती खाली बसू शकत नव्हती, एक हात चौकटीला धरून वाकून ओढत होती आणि आई मागून नावं सांगत होती. आजोबांचं एक बोट. आजीचं एक. शेवटचं तोतारामभाऊंचं. ते कोकिळाने जरा लांब ओढलं.

"नाना, या," ती वडिलांना म्हणाली.

सुंदरबाईंना पोरगा नव्हता. आगारी, पितरांचा निखाऱ्यावरचा नैवेद्य, त्या स्वतःच टाकत. गल्लीने पहिल्या वर्षी नावं ठेवली, नंतर सवय झाली. निखाऱ्यांवर तूप सोडलं, पोळीचा तुकडा ठेवला, आणि चमचाभर रस. चर्र झालं, धूर वर गेला.

"घ्या," सुंदरबाई धुराला म्हणाल्या. "वर्षाचा पहिला. कुणी बोट लावलेलं नाही."

कोकिळा चौकटीला धरून उभी होती. तिने कुंकवाचं बोट पदराला पुसलं.

तेवढ्यात दारात आवाज आला. "काय वं कोकी, तुना पाय सुजनात का? उभी कसाले ऱ्हाहिनी?"

झुंबरबाई. सुंदरबाईंनी त्यांना लग्नानंतर असं निवांत पहिल्यांदाच बघितलं. ठेंगणी, जाडजूड, दात जरा पुढे; हातात पिशवी. सुंदरबाईंनी मनातल्या मनात जी बाई दोन वर्षं ताटात बसवली होती ती उंच होती, गोरी होती. ही तर बाजारात शेजारी उभी राहिली असती तर सुंदरबाईंनी जरा सरकून जागा दिली असती एवढंच, वळून बघितलं नसतं. पण कोकिळा तिला बघून ज्या पद्धतीने हसली, आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन खुंटीला अडकवताना ज्या पद्धतीने तिच्या खांद्याला टेकली, ते सुंदरबाईंनी बघितलं. आल्यापासून ती इथं असं कुणाला टेकली नव्हती.

"बसा, विहीणबाई. ताटं घेतलीच आहेत."

"तुम्ही बी बसा ना."

"मी वाढते. नंतर बसेन."

झुंबरबाई आणि कोकिळा शेजारी बसल्या. सुंदरबाईंनी पोळी वाढली, ताटाबाहेर लोंबली. तुपाची धार सोडली. रसाची वाटी ठेवली आणि दोन पावलं मागं सरकून उभ्या राहिल्या. भरिताची वाटी घेऊन उभ्या राहायच्या तशाच.

झुंबरबाईंनी पोळी मोडली, रसात बुडवली, तोंडात घातली. चावली. डोळे मिटले. पुन्हा एक घास.

"माय वं," त्या म्हणाल्या. "काय रस करा शे!"

सुंदरबाई एक पाऊल पुढं आल्या. "न चाखता केलाय, विहीणबाई. आमच्याकडे घागरीआधी कुणी जीभ लावत नाही. हा रस आधी धुरातून वर गेला, मग तुमच्या वाटीत आला."

"नुसता हातना अंदाज?"

"हात आणि नाक. चाखून काय, कुणीही करेल."

कोकिळा मान खाली घालून पोळी कुस्करत होती.

"आखो एक वाटी द्या माले," झुंबरबाई म्हणाल्या. मग सुनेकडे बोट करून हसल्या, पण हसणं जरा वाकडं होतं. "ही बठ्ठा दिन तुम्हनंच सांगस. 'मनी आई भरीत आसं करस. मनी आई पोळी कोपरालोंग करस.' मना कान पिकी गयात, विहीनबाई. म्हनं, एक डाव डोयाघाई देखू तरी."

सुंदरबाईंनी कोकिळाकडे बघितलं. "तिथं माझं सांगते?"

"बठ्ठा दिन!"

"इथं तुमचं सांगते."

"मनं? काय सांगस?"

"बिबडे पातळ लाटता म्हणे तुम्ही."

"मी? मना बिबडा तं गाडाना चाकनागत ऱ्हातस!" झुंबरबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. सुंदरबाईही हसल्या. दोघी हसल्या आणि कोकिळा मात्र लाल झाली. ते घर घटकाभर हलकं झालं होतं. सुंदरबाईंनी मनात वाक्यसुद्धा जुळवलं: विहीणबाई, मग असं करा, पोरीला इथंच ठेवा.

झुंबरबाईंनी दुसरी वाटी संपवली, बोटाने वाटी पुसली आणि सहज म्हणाल्या, "पन एक सांगू? मना घरना रस बी आसाच लागस. एकदम आसाच. सुंठना वास तं डिट्टो."

"सुंठ?" सुंदरबाई म्हणाल्या. "आमच्यात नाही घालत सुंठ."

"शे ना पन. जरासी."

सुंदरबाई तशाच आत गेल्या. पातेल्याचं झाकण काढलं, चमचा बुडवला, आणि त्या वर्षीचा पहिला आंबा त्यांनी तोंडात घातला.

गोड. दाट. आणि गिळताना घशाशी सुंठेची ती बारीक ऊब. जायफळ कुठल्या कुठे गेलं होतं.

"कोकी."

कोकिळा हात धुऊन आत आली.

"यात सुंठ कुणी घातली?"

"आई, आंबट होता. नुसता आंबट नाही, घसा धरत होता. काल म्हटलं होतं तुला, पुडी टाकून पिकवलेत. तू खापराशी होतीस. मी बोट लावून बघितलं."

"चाखलास."

"चाखला. साखर घातली आणखी, दूध आटवून घातलं, तरी मागून आंबट येतच होता. मग सुंठ घातली."

"घागरीच्या आधी."

"घागरीच्या आधी."

"आणि मी तिथं निखाऱ्यापुढं बसून सांगतेय, कुणी बोट लावलेलं नाही. तू मागं उभी राहून ऐकलंस?"

"मग काय करू? तसाच वाढू दिला असता? तुझीच फजिती झाली असती त्यांच्यासमोर. तुझ्यासाठी केलं मी."

"माझ्यासाठी केलंस, तर माझ्यासारखं करायचं." सुंदरबाईंचा आवाज चढला नाही, उलट उतरला, त्यांना ओळखणाऱ्याला हे जास्त धास्तीचं. "जायफळ होतं ना फळीवर? वेलदोडा होता. लहानपणापासून बघितलंयस."

"घाईत हाताला आलं ते घातलं, आई."

"तेच म्हणतेय मी. घाईत तुझ्या हाताला तिचं आलं."

बाहेर झुंबरबाई चूळ भरत होत्या. ते पाणी टाकल्याचा आवाज झाला आणि मग पावलं स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. पदराला हात पुसत त्या तिथंच उभ्या राहिल्या.

"पोरवर रागे भरू नका, विहीनबाई. पोटुशी शे."

"तुम्ही मध्ये पडू नका," सुंदरबाई म्हणाल्या. आणि मग जुळवून ठेवलेलं ते वाक्य वेगळ्याच तोंडाने बाहेर आलं. "रस घेतलात, भाषा घेतलीत, माय म्हणवून घेतलंत. घ्या. पण पहिलं बाळंतपण आईच्या घरी असतं, हे तुमच्या धुळ्यात माहीत नाही का? ते पण तुम्हालाच पाहिजे?"

झुंबरबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना कळत नव्हतं.

"माले?" त्या म्हणाल्या. "मी कधळ म्हनं? पहिलं बाळंतपन मायना घर, तोच रिवाज शे. मनी आंडेर, मनी पोर बी बाळंतपनले मनाकडेच उनी. मी कोकीले पहिलेच सांगेल शे, सातवा लागना म्हंजे तुले जळगावले धाडसू. डिंक बी कुटी ठेयेल शे तुम्हनासाठे." त्यांनी सुनेकडे बघितलं. "सांगं नही का तू आईले?"

चुलीवर काही नव्हतं. पातेल्यावर एक माशी बसली, उठली. सुंदरबाईंनी झाकण ठेवलं, हळू, आवाज न करता.

दोन वर्षं ज्या बाईशी त्या भांडत होत्या ती बाई दारात पदराला हात पुसत उभी होती आणि तिच्या हातात काही नव्हतं. तिनं काही घेतलंच नव्हतं. सुंदरबाईंना वाटलं, हिनं घेतलं असतं तर बरं झालं असतं. घेतलेलं परत मागता येतं.

"मना गाडीना टाइम व्हयना," झुंबरबाई पुटपुटल्या आणि चपला शोधायला बाहेर गेल्या. जाताना घागरीला त्यांनी हात जोडले.

आता दोघीच.

"कोकी, बस."

कोकिळा बसली नाही.

"डॉक्टरीणबाईंचं सांगू नकोस. जळगावातही आहेत. रजेचंही नको." सुंदरबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मी काही चुकतेय का तुझं? जास्त बोलते मी, माहीत आहे. तू आलीस की मी ताट घेऊन समोर उभी राहते, तू काय म्हणतेस ते ऐकायला. चवीला घास घेतेस तर मला परीक्षेला बसल्यासारखं होतं, तुलाही होत असेल. उद्यापासून नाही उभी राहणार. आत बसेन. तुला पाहिजे तशी सुंठ घालेन रसात. रोज घालेन."

"आई..."

"थांब. एकदाच विचारते. परत नाही विचारणार." त्यांचा आवाज बाहेर ओट्यावर चपला घालणाऱ्या बाईला ऐकू जाऊ नये एवढा लहान झाला. "तुला कुठं करमतं?"

कोकिळा आईकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते. मग तिने मधल्या खोलीत जाऊन खुंटीवरची सासूची पिशवी काढली आणि खांद्याला लावली. उंबरठ्यावर सकाळी तिनेच ओढलेली कुंकवाची बोटं होती, शेवटचं जरा लांब. त्यांवर पाय पडू नये म्हणून एका हाताने चौकट धरून, दुसऱ्याने पोट सांभाळत तिने मोठं पाऊल टाकलं, बाहेर पडली आणि ओट्यावर थांबलेल्या मायच्या खांद्याला टेकली.